वॅगनआरले गॅस किट बसवू का? खेड्यात राहून परवडते काय?

दारव्हेकर_नाना
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. गाडी वॅगनआर, २०१२ ची, पेट्रोल. इंजिनात खोट नाही, टायर मागच्याच वर्षी टाकले. महिन्याचं रनिंग १२०० किलोमीटरच्या आसपास. त्यात आईचा यवतमाळचा दवाखाना, पोरगी अमरावतीला शिकते तिच्याकडं जाणं-येणं, अन् बाकी वावर, बँक, लग्नकार्य. अ‍ॅव्हरेज १५ मिळते. पेट्रोल १०५ धरा. म्हणजे महिन्याला आठ हजाराच्या वर नुसतं पेट्रोल.

मेव्हण्यानं डोक्यात भरवलं की एलपीजी किट बसव, खर्च अर्ध्यावर येते. चांगल्या सिक्वेन्शियल किटचा भाव पासिंग धरून ४० हजार सांगितला. ऑटो गॅस ६० रुपये लिटरच्या घरात पडते म्हणे. अडचण एकच, गॅसचा पंप घरापासून ४० किलोमीटर.

गावाकडं गॅसवर गाडी चालवणाऱ्यांनी खरं अ‍ॅव्हरेज अन् खरा खर्च सांगावा. किट विकणाऱ्याचे आकडे मले तोंडपाठ झाले आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
मेव्हण्याची गाडी कशावर चालते थे पहिले इचारा.

दारव्हेकर_नाना
@ठेचा, त्याच्याकडं बुलेट आहे.

वऱ्हाडी_ठेचा
मंग झालं समाधान.

सेवाग्राम_टूरिस्ट
नाना, मी गॅसवर गाडी चालवून पोट भरतो, म्हणून सांगायचा हक्क आहे. टूरिस्ट पासिंगची गाडी, वर्धा-नागपूर जवळपास रोजचं. पेट्रोलवर १४ देत होती, गॅसवर ११ देते, एसी लावून सवाऱ्या भरल्या तर १० वर येते. जो म्हणते ना की गॅसवर पेट्रोलएवढंच अ‍ॅव्हरेज भेटते, तो फोकनाड मारून रायला असं समजा.

तरी मले परवडते. कारण गॅस मी नागपुरात भरतो, जिथं तसंही जायचंच असते. रनिंग महिन्याला चार-साडेचार हजार. किटचे पैसे सहा महिन्यांच्या आत निघाले. तुमचं १२०० चं रनिंग, त्यात पंप ४० किलोमीटर. तुमचा हिशोब वेगळा लागन.

मेंटेनन्सही धरा. गॅसचा फिल्टर ठरल्या किलोमीटरला बदलावा लागते, प्लग पेट्रोलपेक्षा लवकर जातात. रिड्युसर म्हणजे पातळ गॅसची वाफ करणारा भाग, त्याचा डायाफ्राम (रबरी पडदा) काही वर्षांनी कडक होते, मंग गाडी सिग्नलवर बंद पडते. हे सगळं मिळून मी किलोमीटरमागं पंधरा-वीस पैसे बाजूला काढतो.

पुसदचा_मिस्त्री
अ‍ॅव्हरेज काहून कमी येते थे सांगतो, मंग लोकं मिस्त्रीले शिव्या देनार नाहीत.

एक लिटर पेट्रोलचं वजन ७४०-७५० ग्रॅम. एक लिटर ऑटो गॅसचं ५४०-५५० ग्रॅम. किलोनं पाह्यलं तर गॅसमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा जराशी जास्तच हाय. पण आपण पंपावर घेतो लिटरनं, अन् लिटरमागं थे ताकद २० ते २५ टक्के कमी भरते. १५ ची गाडी ११-१२ देईन. किट इटलीची असो का दिल्लीची, हा फरक कोनीच मिटवू शकत नाही.

जुन्या मिक्सरवाल्या किटमध्ये याच्याहीपेक्षा कमी भेटत होतं. त्यात गॅस हवेच्या पाईपात मोकळाच सोडत, हवेची वाट अरुंद होये, पिकअप जाये अन् कधीमधी बॅकफायर होऊन एअर फिल्टरचा डबा फुटे. सिक्वेन्शियलमध्ये प्रत्येक सिलिंडरले वेगळा इंजेक्टर, पेट्रोलच्या ईसीएमकडून, म्हंजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, टायमिंग घेते. तुमची २०१२ ची गाडी इंजेक्शनवाली हाय, तिले मिक्सरवाली स्वस्त किट कोनी गळ्यात मारत असन तं तिथूनच गाडी वळवा.

अकोट_फैल
कायले एवढा हिशोब. आमच्याकडं व्हॅनवाले घरचाच सिलिंडर वापरतात. १४.२ किलो म्हणजे २५-२६ लिटर होते. नऊशे रुपये धरले तरी लिटर ३५ च्या आत. पंपही नाही पाहिजे अन् लाईनही नाही.

नोटीस_बजावली
@अकोट_फैल, तुम्ही ज्याला हिशोब म्हणता तो गुन्हा आहे. घरगुती गॅस गाडीत वापरायला एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, २००० नुसार बंदी आहे आणि कारवाई जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली होते. गाडी जप्त होते, सिलिंडर जप्त होतो, भरून देणारा आणि भरून घेणारा दोघंही आत. गाडीसाठीच्या गॅसला २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून वाट काढली, २००१ मध्ये त्याचा स्वतंत्र आदेश आला. कायदेशीर रस्ता आहे, तो धरा.

अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न किटचाच विचारते.

अकोट_फैल
साहेब, मी वापरतो असं म्हटलं नाही. लोक वापरतात असं म्हटलं.

वऱ्हाडी_ठेचा
हाव, "लोक". लोकांच्या सिलिंडरचा भाव बाकी तुम्हाले पाठ हाय.

पुसदचा_मिस्त्री
याच्यावर माह्यंही बोलणं आयका. घरगुती सिलिंडरमधून गाडीच्या टाकीत मोटर लावून भरतात, बंद खोलीत, बाजूले पंखा सुरू. गॅस हवेपेक्षा जड, थो खालीच पसरत जाते, वर उडून जात नाही. मोटरची एक ठिणगी पुरते. त्यातही गाडीच्या टाकीले ८० टक्क्यावर आपोआप बंद होनारा व्हॉल्व्ह असते, अन् हे लोकं थोच काढून ठेवतात, म्हंजे चार लिटर जास्त बसन. आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री. आतला गॅस तापून फुगला तं त्याले जागा कुठून येईन? माह्या गॅरेजात अशी गाडी आली तं मी हात लावत नाही, मंग ओळखीचा असो का पाहुणा.

बाई_चिमूरच्या
@अकोट_फैल, यातली अजून एक बाजू. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावात उज्ज्वलाचे सिलिंडर जवळपास घरोघर आले, पण पालकांच्या घरी गेलं की चूल सरपणावरच पेटलेली दिसते. भरलेला सिलिंडर कुठे जातो, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. बाई धुरात आणि तिच्या नावाचा गॅस कुणाच्या तरी व्हॅनमध्ये. लिटरला ३५ चा भाव असा पडतो.

आता नानांच्या प्रश्नाचं. माझ्याकडे कंपनीतूनच एलपीजी लागून आलेली जुनी वॅगनआर ड्युओ आहे, सेकंडहँड घेतली. माहेर नागपूर, महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं, तेव्हा टाकी भरते. गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जाते. डॅशबोर्डवर स्विच आहे, त्यावर बारीक हिरवे दिवे, गॅस संपत आला की एकेक विझतो. शेवटी लाल लागतो. त्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका. चढावर दोन दाखवतात, उतारावर तीन. मी भरल्यापासूनचे किलोमीटर डायरीत लिहिते, तेवढंच खरं.

महत्त्वाची गोष्ट: शाळा घरापासून जवळ. थंडीत निम्मी वाट पेट्रोलवरच संपते. गॅस भरलेला असूनही पेट्रोल जळतं. गावातल्या गावात फिरायला किटचा काही उपयोग नाही.

पुसदचा_मिस्त्री
बाई बरोबर सांगून रायल्या. रिड्युसरमध्ये पातळ गॅसची वाफ होते तवा थो थंडी पकडते. म्हणून इंजिनचं गरम कूलंट त्याच्यातून फिरवावं लागते. कूलंट गरम नाही तवर किट गॅसवर जातच नाही, साधारण ३५-४० डिग्री पाहिजे.

अन् इथं आपल्या लोकांची एक खोड सांगतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हंजे इंजिन गरम होयेपर्यंत कूलंट अडवनारा व्हॉल्व्ह, काढून फेकतात. "काय राजेहो, इकडं एवढं ऊन, त्याची काय गरज!" मंग डिसेंबरात इंजिन गरमच होत नाही, गाडी पाच-सहा किलोमीटर पेट्रोल पीत जाते, अन् गिऱ्हाईक येऊन म्हणते तुह्या किटनं अ‍ॅव्हरेज खाल्लं. किट बसवायच्या आधी बोनट उघडून थर्मोस्टॅट हाय का नाही थे पाहा. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकत असान तं थेही बंद करा. रिड्युसरच्या आत क्षार धरते अन् मंग त्याच्यावर बर्फ जमते. मे महिन्यात इंजिनात बर्फ पाहायचा असन तं या माह्याकडं, दाखवतो.

मोर्शीचा_संत्रा
डिक्कीबद्दल कोणीच बोललं नाही. किट बसवली की डिक्की गेली. गोल टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात बसते म्हणतात, पण मग स्टेपनी कुठं ठेवता? डिक्कीत उभी! आमच्याकडं संत्र्याच्या सिझनमध्ये चार क्रेट पाहुण्यांना पोचवायचे असतात. किट लावल्यापासून क्रेट मागच्या सीटवर अन् बायको पुढं मांडीवर पिशवी घेऊन. पाहुण्यांना संत्रा गोड लागला, घरात मात्र आंबट झालं.

सेवाग्राम_टूरिस्ट
आमच्या धंद्यात तर सवारीची बॅग बसली नाही की भाडंच जाते. मी वर कॅरियर टाकलं. कॅरियर टाकलं की वारा धरते, पुन्हा अ‍ॅव्हरेज अर्धा किलोमीटर खाली.

मोर्शीचा_संत्रा
म्हणजे गॅसनं वाचवलेलं कॅरियरनं खाल्लं. जय हो.

काळीपिवळी_आर्णी
डिझेल घ्या भाऊ डिझेल. इंजिनचा दम पाहायचा तर डिझेलमध्ये.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, तुमच्या गाडीच्या मांगं आम्ही मोटरसायकल चालवतो. दम आमचा निघते.

हिंगणा_एमआयडीसी
एलपीजीचा जमाना गेला, माझं स्पष्ट मत. कंपनीतून लागून येणारी एलपीजी गाडी आता शोरूममध्ये दिसतच नाही, सगळ्यांनी सीएनजी धरलं. कंपनीची सीएनजी गाडी किलोला २५ च्या वर आरामात देते. ९० रुपये किलो धरा, साडेतीन रुपये किलोमीटर. एलपीजीवर १२ च्या अ‍ॅव्हरेजनं ५ रुपये पडतात. पेट्रोलवर ७. चित्र साफ आहे. आणि बीएस-६ गाड्यांनाही बाहेरून सीएनजी-एलपीजी किट बसवायची परवानगी २०२२ मध्ये निघाली, त्यामुळे नवी गाडी असली तरी अडत नाही.

सेवाग्राम_टूरिस्ट
@हिंगणा, २०२२ मध्ये नागपूरचं सीएनजी १२० रुपये किलो झालं होतं, विसरलात काय? पेट्रोलपेक्षा महाग. तेव्हा देशातलं सगळ्यात महाग सीएनजी आपल्या नागपुरात होतं. ज्यांनी किट लावल्या होत्या ते पेट्रोलवर गाड्या चालवत होते अन् मी गॅसवर जाताना हात करत होतो.

हिंगणा_एमआयडीसी
मान्य, तेव्हा पाईपलाईन नव्हती, गॅस लांबून टँकरनं यायचा. आता ती स्थिती राहिली नाही. पण जुन्या गाडीला बाहेरून सीएनजी लावायला मीही सांगणार नाही. सीएनजी २०० बारच्या दाबानं भरतात, त्यामुळे टाकी जाड पोलादाची, पन्नास किलोच्या वर वजन. मागचे शॉकअप बसतात. एलपीजीचा दाब त्यापुढे किरकोळ, टाकी हलकी. एवढं एक एलपीजीच्या बाजूनं.

काळीपिवळी_आर्णी
अन् सीएनजीच्या लायनीत जो टाईम जाते त्याचे पैसे कोण धरन? दोन-दोन तास लोकं उभे.

वऱ्हाडी_ठेचा
लायनीत इंजिन बंद असते, तेवढ्यात अ‍ॅव्हरेज सगळ्यात चांगलं.

नोटीस_बजावली
कागदपत्रांचं राहून गेलं, ते लिहितो.

किट बसवणं म्हणजे कायद्यानं गाडीत बदल करणं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर इंधन "पेट्रोल/एलपीजी" असं चढवून घ्यावंच लागतं. त्यासाठी किट त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त हवी, पुण्याची एआरएआय किंवा तशा संस्थेचं प्रमाणपत्र. बसवणारा अधिकृत हवा. "पासिंगचं आम्ही नंतर पाहू" म्हणणाऱ्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका, ते नंतर कधी येत नाही.

विम्यात किटची नोंद करा. किटच्या किमतीवर ४ टक्के प्रीमियम ओन डॅमेजला लागतो आणि थर्ड पार्टीला ६० रुपये. ४० हजारांच्या किटला वर्षाचे सतराशेच्या आत काम होतं. लोक हे वाचवतात आणि क्लेमच्या वेळी रडतात.

टाकीची पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था, म्हणजे पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिच्या मान्यतेच्याच केंद्रात टेस्ट होते. गावाकडे टेस्टचं नाव काढलं की लोक हसतात, पण टाकीवर तारीख कोरलेली असते.

दारव्हेकर_नाना
मंडळी, आभार. बसून हिशोब केला. चूक असेल तर दुरुस्त करा.

पेट्रोल: १५ चं अ‍ॅव्हरेज, १०५ भाव, किलोमीटरला ७ रुपये. १२०० किलोमीटरचे ८४००.

गॅस: १२ चं अ‍ॅव्हरेज, ६० भाव, ५ रुपये. थंड इंजिनाचं अन् गावातल्या गावातलं १८० किलोमीटर पेट्रोलवरच जाईन असं धरलं, त्याचे १२६०. उरलेल्या १०२० चे गॅसनं ५१००. एकूण ६३६०. म्हणजे महिन्याला दोन हजार वाचतात. ४० हजारांची किट २० महिन्यांत फिटते.

मेव्हणा म्हणे अर्धा खर्च. अर्धा नाही, चौथा हिस्सा वाचते.

सेवाग्राम_टूरिस्ट
नाना, पंप ४० किलोमीटर आहे ते कुठं धरलं?

पुसदचा_मिस्त्री
हाच तं खरा मुद्दा हाय. मी करून देतो. तुमच्या गाडीत ४० लिटरची टाकी बसन. ८० टक्के म्हंजे ३२ लिटर. बाराच्या हिशोबानं ३८४ किलोमीटर. टाकी भरायले मुद्दाम गेले तं जाऊन-येऊन ८० किलोमीटर त्याच टाकीतले गेले. हाती रायले ३०४. ३२ लिटरचे १९२० रुपये भागिले ३०४, म्हंजे सव्वासहा रुपयाच्या वर पडलं किलोमीटरले. पेट्रोल ७. वाचले साठ-सत्तर पैसे, त्यात फिल्टर-प्लगचे पंधरा-वीस काढा. आता सांगा, चाळीस-पन्नास पैशासाठी ४० हजार टाकता काय?

वऱ्हाडी_ठेचा
अन् पंपावर गेल्यावर "आज गॅसची गाडी नाही आली" असा बोर्ड दिसला, तं मंग पेट्रोल टाकून परत या. हे मी पाह्यलं हाय राजेहो, डोळ्यानं.

बाई_चिमूरच्या
ठेचाभाऊ गमतीनं बोलतात, पण हे होतं. म्हणून पेट्रोलची टाकी कधी रिकामी ठेवायची नाही. पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्यानंच तो थंड राहतो. गॅसच्या भरवशावर लोक पेट्रोल काट्याखाली नेतात आणि पंप जळतो. मी कायम पाव टाकी ठेवते. आणि आठवड्यातून थोडं अंतर मुद्दाम पेट्रोलवर चालवते, नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर जाम होतात.

दारव्हेकर_नाना
पंप ज्या रस्त्यावर आहे तो अमरावतीच्या वाटेवर पडते. पोरीकडं महिन्यातून दोनदा जाणं होतेच. म्हणजे दोन टाक्या फुकटच्या फेरीत भरून होतात. ६४ लिटर, साडेसातशे किलोमीटर. बाकीचं पेट्रोलवर चालवायचं. मग?

पुसदचा_मिस्त्री
मंग साडेसातशे गुणिले दोन रुपये, पंधराशे. मेंटेनन्स जाऊन तेराशे धरा, त्यात विम्याचे महिन्याचे सव्वाशे-दीडशे काढा. साडेअकराशे. किट फिटायले तीन वर्षं लागतीन. पोरीचं शिक्षण किती वर्षं रायलं?

दारव्हेकर_नाना
दोन वर्षं.

वऱ्हाडी_ठेचा
पोरीले एम.ए. ले टाका मंग.

नोटीस_बजावली
नाना, आणखी एक. गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतात. तेव्हा नूतनीकरणाची फी ५ हजार, वर फिटनेस, तपासणी, गाडी दाखवायला जाणं. एलपीजी टाकीचे कागद तिथेही मागतील. किट फिटायच्या आत तुमची गाडी त्या दारात उभी असेल. आणि विकायला काढली तर बाहेरून किट लावलेल्या गाडीला गिऱ्हाईक दोन हजार जास्त देत नाही, उलट "टॅक्सीला होती का?" विचारतं.

सेवाग्राम_टूरिस्ट
हे शेवटचं एकदम खरं. गॅसची गाडी म्हटली की रनिंग जास्त झालं असं सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा खरंही असते.

हिंगणा_एमआयडीसी
इंजिनाचं काय? गॅसनं व्हॉल्व्ह जळतात असं ऐकलं आहे.

पुसदचा_मिस्त्री
गॅसचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, १०० च्या वर. त्यामुळं नॉकिंग नाही, ऑइलही साफ राहते, काढलं तं पेट्रोलवाल्यापेक्षा उजळ दिसते. पण कोरडं जळते. ज्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीट नरम, त्यांच्या सीट खाली बसत जातात अन् टॅपेट टाईट होतात. टॅपेट क्लिअरन्स, म्हंजे व्हॉल्व्हवरची फट, तपासत रायलं तं काही होत नाही. मिश्रण पातळ ठेवून अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणनारे मिस्त्री हायेत, त्यांच्याकडं मात्र जाऊ नका. महिनाभर १३ दाखवते, मंग हेड उतरवावं लागते. त्या पैशात दोन वर्षाचा गॅस आला असता.

परतवाडा_एक्स्प्रेस
उशिरा आलो. माझं केस नानांच्या उलट आहे म्हणून लिहितो. गाव पंपापासून तीन किलोमीटर, रोज नोकरीला जाऊन-येऊन १०० च्या वर, सरळ रस्ता, थांबे नाहीत. इंजिन एकदा तापलं की शेवटपर्यंत गॅसवरच. १६ ची गाडी १३ देते. मला वर्षाच्या आत किट फिटली आणि आता महिन्याला बऱ्यापैकी रक्कम हातात राहते. त्यामुळे "एलपीजी संपलं" हे पटत नाही.

फक्त गाडी लावायची जागा बघा. आमच्या घरी दिवाळीनंतर पुढच्या खोलीत कापूस भरलेला असतो, भाव येईपर्यंत. पूर्वी गाडी त्याच पडवीत लावायचो. किट बसवल्यावर वडिलांनी सांगितलं, गाडी बाहेर लिंबाखाली. गॅस गळला तर खाली साचतो, बंद पडवीत निघायला वाट नाही आणि बाजूला कापूस. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, कापसाचं कळतं.

बाई_चिमूरच्या
अगदी योग्य केलं वडिलांनी. वास आला की आधी काचा खाली, इंजिन बंद, टाकीवरचा व्हॉल्व्ह हातानं बंद करायचा. स्विचला, लाईटला हात लावायचा नाही. हा व्हॉल्व्ह कुठे आहे ते किट बसवताना दाखवून घ्या. मी माझ्या मिस्टरांना विचारलं तर त्यांना स्टेपनी कुठे आहे तेही सांगता येईना.

मोर्शीचा_संत्रा
त्यांना डिक्कीत जागाच कुठं ठेवली तुम्ही, बघायला.

वणीचा_कोळसा
ईको कार्गोले किट लावायची होती, दूध डेअरीचं काम. रोज १४० किलोमीटर, पंप रस्त्यावरच. लावू ना?

सेवाग्राम_टूरिस्ट
डोळे झाकून. फक्त टाकी मोठी टाका, मालगाडीत डिक्कीचा प्रश्न नाही. अन् बसवायच्या आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, काढून पाहा. दमलेल्या इंजिनाला गॅसनं तरतरी येत नाही, उलट सगळे रोग बाहेर येतात.

दारव्हेकर_नाना
मंडळी, ठरवलं. किट नाही. थर्मोस्टॅट पाहून घेतलं, नव्हतंच! मागच्या मालकानं काढलेलं. नवीन टाकलं, प्लग बदलले, टायरात हवा बरोबर केली, एअर फिल्टर धूळ खाऊन काळा झाला होता तो टाकला. अ‍ॅव्हरेज सोळाच्या जवळ आलं. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणे, त्याच्या ओळखीत एक जुनी उतरवलेली किट आहे, टाकीसकट १२ हजारात. त्याचं काय करू?

पुसदचा_मिस्त्री
टाकीवरचा नंबर, टेस्टची तारीख अन् जुन्या गाडीच्या आरसीवरून किट उतरवल्याची नोंद, हे तीन कागद मागा. तिन्ही असन तं फोटो टाका, मी पाहतो.

दारव्हेकर_नाना
विचारलं. म्हणे कागद नाहीत, पण किट "एकदम कंडिशन" आहे.

वऱ्हाडी_ठेचा
बुलेटले लावा म्हणा.